‘नागपूरला पाठवा’पासून ‘इथंच दाखवा’पर्यंत

मागच्या रविवारी आपल्या गावात डॉक्टर लोकांची विभागीय परिषद झाली. तीन-चार जिल्ह्यांतले डॉक्टर, नर्स, समुपदेशक आले होते. सरकारी होते, खासगीवालेही होते. विषय होता, मनाच्या आजाराचे उपचार रोजच्या साध्या दवाखान्यात कसे आणायचे. मी बातमीसाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बोटभर बातमी आली. दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावं, एक फोटो. जे सांगण्यासारखं होतं ते त्यात मावलंच नाही. म्हणून ही पोस्ट. लांब झाली आहे, चहा घेऊन बसा.

जेवणानंतरच्या सत्रात एक निवृत्त सरकारी डॉक्टर उठले. पंचाहत्तरीचे असतील. म्हणाले, "तुम्ही सकाळपासून जे सांगताय ते आम्ही नोकरीत असताना ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. हेच शब्द, हेच तक्ते. मग मधल्या तीस वर्षांत झालं काय?"

सभागृहात थोडा हशा झाला, मग शांतता. उत्तर कुणी नीट दिलं नाही. घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आठवडाभर जुनी पुस्तकं, अहवाल चाळले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

भिंत आधी बांधली गेली

लहानपणी आपल्याकडे कुणी विचित्र वागलं की लोक म्हणायचे, "याला नागपूरला पाठवा." पुण्याकडे हेच ‘येरवडा’ म्हणून व्हायचं, मुंबईकडे ‘ठाणे’. गावांची नावं शिव्या कशी झाली याचा इतिहास दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे.

इंग्रजांनी १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. नागपूरचं इस्पितळ १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. ठाण्याला नरोत्तमदास माधवदास यांचं नाव आहे, कारण पैसा त्यांच्या घराण्याचा होता. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच होती. नागपूर, पुणे, ठाणे, रत्नागिरी. नकाशा बघा, मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही.

मग १९१२चा कायदा आला. त्यानुसार माणसाला दाखल करायला बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. ताप आला तर डॉक्टरकडे, मन बिघडलं तर कोर्टाकडे! हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. १९८७ला नवा कायदा झाला आणि तो प्रत्यक्षात लागू व्हायला १९९३ उजाडलं. म्हणजे ऐंशी वर्षं आपल्याकडे मनाचा आजार हा अर्धा पोलिसी मामला होता. लोक घाबरतात, लपवतात, त्याला फक्त अडाणीपणा म्हणू नका. भीती कायद्यानंच शिकवली होती.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकला जन्मलेले. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रं ज्या कल्पनेतून आली ती त्या अहवालातली. त्यात एक आकडा आहे. चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी साधारण दहा हजार खाटा. चाळीस हजार माणसांमागे एक. तेव्हाच कळायला हवं होतं की खाटा वाढवून हे गणित सुटणार नाही. दुसरा रस्ता लागेल.

शरीर आणि मन वेगळे नाहीत, हे औषधांनीच सांगितलं

गंमत अशी की डॉक्टरांना हा दुसरा रस्ता अनेकदा अपघातानं दिसला.

सर्पगंधा तुम्हाला माहीत असेल. बिहारकडे तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस या दोघांनी लिहिलं की ही मुळी भडकलेल्या मनोरुग्णाला शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये बीपीवरच्या तिच्या गुणाबद्दल लेख लिहिला आणि जगाचं लक्ष गेलं. एकच मुळी, बीपीचीही आणि वेडाचीही. पुढे तिच्यातून काढलेलं औषध बीपीसाठी दिलं तेव्हा काही रुग्ण उदास होतात असंही डॉक्टरांना दिसलं. त्यावर नंतर वाद झाले, पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच.

दुसरी गोष्ट टीबीची. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात नव्या गोळीची चाचणी चालू होती. खाटेला खिळलेले पेशंट अचानक हसायला, बोलायला, खायला लागले. छातीच्या सुधारणेपेक्षा मनाची सुधारणा जास्त दिसत होती. नैराश्यावरच्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक असं टीबीच्या वॉर्डातून बाहेर पडलं.

आपण मात्र टीबीची खिडकी वेगळी ठेवली, बीपी-शुगरची वेगळी, आणि मनाची खिडकी नागपूरला.

भिंत पाडायचे प्रयत्न

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. उलट आपल्या देशात हे काम जगाच्या बरोबरीनं सुरू झालं.

१९३३ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्याच्या साध्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी काढली. १९३८ मध्ये डॉ. मसानी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. याचं महत्त्व लक्षात घ्या. जिथं लोक खोकला दाखवायला येतात त्याच आवारात मनाचाही डॉक्टर बसायला लागला. केसपेपर एकच, दार एकच. कुणी बघितलं तरी कळत नाही की तुम्ही कशासाठी आलात.

१९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी वेगळंच केलं. नातेवाइकांनाच आवारात तंबू ठोकून राहायला सांगितलं. आई, बायको, भाऊ रुग्णासोबत राहिले, शिकले आणि त्याला घेऊन घरी गेले. टाकून दिलेली माणसं कमी झाली.

१९७०नंतर आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी दाखवून दिलं की खेड्यातली कमी शिकलेली बाईसुद्धा गावाचं आरोग्य सांभाळू शकते. १९७८च्या अल्मा आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. त्याच काळात बंगळूरूजवळ सकलवारा इथं आणि हरियाणात रायपूर राणी इथं एकच प्रयोग चालू होता. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला आणि आरोग्यसेवकाला मनाचे ठळक आजार ओळखायला शिकवायचं, मोजकी औषधं द्यायची आणि गावातच उपचार करायचे. तो जमला.

त्या जोरावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. जगातल्या फार थोड्या देशांकडे तेव्हा असा कार्यक्रम होता. मग बेल्लारी. १९८०च्या दशकात बंगळूरूच्या निम्हान्सनं हा अख्खा जिल्हा हातात घेतला. प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, तीव्र मानसिक आजार आणि फिट्स यांची औषधं केंद्रावरच, दर महिन्याला नोंद. हाच नमुना घेऊन १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आधी चार जिल्हे, नवव्या योजनेअखेर सत्तावीस.

आमच्या निवृत्त डॉक्टरसाहेबांचं ट्रेनिंग या लाटेतलं.

मग झालं काय?

मला जे उत्तर सापडलं ते असं. बेल्लारीत तीन गोष्टी एकत्र होत्या. दवाखान्यात विचारणारं कुणीतरी होतं, औषध जवळ मिळत होतं आणि पुढच्या महिन्यात रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी जाणारं कुणीतरी होतं. कार्यक्रम देशभर नेताना कागद गेले, पदं गेली, पण या तीन गोष्टी बऱ्याच ठिकाणी एकत्र पोचल्याच नाहीत. जिल्हा कार्यक्रम म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयातली एक खोली, असं होत गेलं. मानसोपचारतज्ज्ञाचं पद रिकामं पडलं की खोलीला कुलूप. गोळ्यांचा साठा संपला की रुग्णाचे उपचार तुटले. आणि मनाच्या आजारात उपचार तुटणं म्हणजे पहिल्या पायरीवर परत येणं.

लोक मग कुठं गेले? जिथं दार उघडं होतं तिथं. मंदिर, दर्गा, मेळघाटात भूमका. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडानं बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. त्या वेळी सगळे भक्तांना नावं ठेवत होते. माझं म्हणणं एवढंच, की त्या घरांना जवळ दुसरं काय उपलब्ध होतं हेही विचारा.

२०१५-१६ मध्ये निम्हान्सनं बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात दिसलं की पाहणीच्या वेळी दहा टक्क्यांहून जास्त प्रौढ कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारानं त्रस्त होते आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे १९८२च्या कार्यक्रमाला तेहतीस वर्षं झाल्यावरची ही अवस्था.

पण आपल्याच जिल्ह्यात काहीतरी घडलं होतं

हे मला परिषदेतच पहिल्यांदा नीट कळलं आणि पत्रकार म्हणून लाज वाटली.

गोव्यात १९९६ पासून ‘संगथ’ ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल तिचे एक संस्थापक. त्यांनी १२ सरकारी प्राथमिक केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने घेऊन प्रयोग केला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकाला दवाखान्यातच बसवलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्या मदतीचे ६६ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे झाले. जिथं नेहमीसारखंच काम चाललं तिथं ४२-४३ टक्के. २०१० मध्ये हे लॅन्सेटमध्ये आलं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं.

आणि मग ‘विश्राम’. आपला अमरावती जिल्हा, तीस गावं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ताण, उदासी, झोप यावर बोलायचं. गरज असेल त्याला समुपदेशक, त्याहून जास्त असेल तर डॉक्टर. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच लोक मदत घेत होते. साधारण दीड वर्षात सत्तावीस घ्यायला लागले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. २०१७ मध्ये हे लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये छापून आलं.

ज्या वर्षांत हे चाललं होतं त्याच वर्षांत मी याच जिल्ह्यात बातम्या लिहीत होतो. काय लिहीत होतो? "कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्यानं जीवन संपवलं." नाव, वय, गाव, किती एकर, किती कर्ज. अशा किती बातम्या लिहिल्या ते मोजलेलं नाही. कर्ज खरं होतं, भाव पडला ते खरं होतं, ते लिहायलाच पाहिजे होतं. पण ‘कंटाळून’ हा शब्द मी प्रत्येक वेळी न विचारता टाकला. तो माणूस आधीच्या सहा महिन्यांत दवाखान्यात गेला होता का? झोप येत नाही म्हणाला होता का? त्याला काय दिलं, गॅसची गोळी? हे मी एकाही घरी विचारलं नाही. तीस गावांत काहीतरी उजेड दिसत होता आणि मी जिल्हाभर फक्त अंधार मोजत फिरत होतो.

मोठीआईची गोष्ट

हे घरचं आहे. सांगू की नको असं झालं होतं. तिला विचारलं, ती म्हणाली, "लिही बापा, कोणाले उपयोगी पडलं तर बरंच आहे."

माझ्या मोठीआईचा थोरला मुलगा अपघातात गेला. त्यानंतर तिचं डोकं दुखायला लागलं. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा. बारा वर्षं आम्ही तिला घेऊन फिरलो. सलाईन, सोनोग्राफी, ईसीजी, डोक्याचा फोटो. सगळं नॉर्मल. प्रत्येक दवाखान्यात नवी चिठ्ठी. एका मोठ्या दवाखान्यात तिच्यासमोरच मला सांगितलं, "यांना काही नाहीये, नाटकं आहेत." ती परत येताना एसटीत एक शब्द बोलली नाही. नंतर तिला शुगर निघाली आणि गोळ्या नियमित घ्यायचंही ती टाळायला लागली. "कोणासाठी घेऊ?" म्हणायची. शुगर असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं, हे मला परवा परिषदेत कळलं. आमच्या घरात ते दहा वर्षं डोळ्यांसमोर बसलेलं होतं.

शेवटी एका साध्या एमबीबीएस डॉक्टरनं शुगर तपासताना विचारलं, "काकू, झोप लागते का? घरी कोण कोण असतं?" बास. दोन प्रश्न. मोठीआई अर्धा तास रडली. त्या डॉक्टरनं तिला घाई केली नाही. गोळी सुरू केली, महिन्याला बोलावलं, माझ्या वहिनीला फोन करून विचारत राहिला. चार-पाच महिन्यांनी मोठीआईनं स्वतःहून पापड घातले. ज्यांच्या घरात असं कुणी होतं त्यांना त्या पापडांची किंमत कळेल.

त्यानं काही मोठं शास्त्र वापरलं नाही. बेल्लारीच्याच तीन गोष्टी. विचारलं, औषध जवळ दिलं, पाठपुरावा केला.

आता आपण काय मागायचं

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ वाचा. मानसिक आरोग्य सेवा साध्या आरोग्य सेवेत सगळ्या पातळ्यांवर मिसळायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. कलम २१ म्हणतं की विमा कंपनीनं शरीराच्या आणि मनाच्या आजारात भेद करायचा नाही. १९१२ला माणूस कोर्टापुढे ‘हजर’ केला जायचा, आता तो हक्क घेऊन दवाखान्यात जाऊ शकतो. शंभर वर्षांत कायदा इथवर आला. दवाखाना यायचा आहे.

आपल्या तालुक्यात आज परिस्थिती अशी: मनाच्या आजाराची ओपीडी महिन्यातून एक दिवस, तीही डॉक्टर आले तर. गेल्या वेळी दोन गोळ्या शिल्लक नव्हत्या, लोकांना बाहेरून आणायला सांगितलं. म्हणून माझ्या चार मागण्या. रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्यांनी, नगरसेवकांनी, सरपंचांनी वाचाव्यात.

१. ओपीडीचा दिवस ठरलेला असावा आणि तो दवाखान्याच्या फळ्यावर लिहिलेला असावा. डॉक्टर येणार नसतील तर आदल्या दिवशी कळावं. मजुरी बुडवून लोक येतात.

२. महिनाभराच्या गोळ्यांचा साठा शिल्लक आहे की नाही, हे बीपी-शुगरच्या गोळ्यांसारखंच दर महिन्याला तपासलं जावं.

३. शुगर, बीपी, टीबी आणि बाळंतपणाच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला झोप, भूक, उदासी याबद्दल दोन प्रश्न विचारले जावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही.

४. हे काम आशाताईंवर टाकणार असाल तर त्यांना शिकवा आणि त्याचे पैसे द्या. फुकटात वाढवलेलं काम कागदावरच होतं.

पाचवी गोष्ट आपल्यासाठी. घरात कुणी सारखं दुखतंय म्हणत असेल आणि रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर "नाटकं करू नको" म्हणू नका. आणि कुणी "आता जगून काय करू" असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, ऐका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

निवृत्त डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. रस्ता सापडला नव्हता असं नाही. तो चार-पाच वेळा सापडला, प्रत्येक वेळी थोडं चालून आपण थांबलो, कारण मागं लागणारं कुणी नव्हतं. मागं लागणं हे पत्रकाराचंही काम होतं. माझ्याकडून ते राहिलं.

पुढच्या ओपीडीच्या दिवशी मी सकाळी नऊला सरकारी दवाखान्यात असेन, फळा आणि औषधांची खिडकी बघायला. ज्यांना यायचं त्यांनी या. काय दिसलं ते इथंच लिहीन.